डाळिंबबागेसाठीचा १२ नोडचा ओलावा-संच: हार्डवेअर चांगलं, सेटिंग बदलून घ्या

सांगोला-पंढरपूर पट्ट्यातल्या ठिबकवरच्या बागांसाठी म्हणून हा संच विकला जातो. त्यात १२ नोड (ओलावा मोजून रेडिओने पाठवणारे डबे) आणि १ गेटवे (सगळ्यांचा डेटा गोळा करणारा डबा) येतो. प्रत्येक नोडमध्ये सीसी२५३८ चिप, २६०० एमएएचचा १८६५० सेल आणि मातीत रोवायचा कपॅसिटिव्ह सेन्सर असतो. हार्डवेअर पैसे वसूल करणारं आहे. फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, मात्र आहे तसं चालवू नका.

माहितीपत्रकात 'लीच राउटिंग' असं ठळक छापलंय; राउटिंग म्हणजे डेटा कुठल्या वाटेने गेटवेपर्यंत न्यायचा ते ठरवणं. आत पाहिलं तर साधं कॉन्टिकी-एनजी (अशा छोट्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टीम) आणि आरपीएल (नोडावरून नोडावर उड्या मारत डेटा नेणारं राउटिंग) निघतं, आणि ते बरंच झालं. २००० साली मांडलेल्या लीचमध्ये नोड आळीपाळीने गटप्रमुख होतात, पण कुठलाही नोड गेटवेपर्यंत थेट पोहोचतो असं त्यात गृहीत धरलेलं आहे. कॉलेजच्या सिम्युलेशनमध्ये ते शोभतं; पानांनी गच्च भरलेल्या बागेत २.४ गिगाहर्ट्झवर नाही.

बॅटरी खाणारं खरं दुखणं राउटिंगच्या खालच्या थरात आहे. संच सीएसएमएवर (हवा मोकळी दिसली की पाठवायचं, ही पद्धत) येतो, म्हणजे इथे रेडिओ चोवीस तास कान लावून बसलेला. ही चिप नुसतं ऐकायलाच २० मिलिअँपिअर घेते. भागाकार करा: १३० तास, साडेपाच दिवसही नाहीत. पाकिटं (डेटाचे तुकडे) कमी पाठवून यात काही फरक पडत नाही.

उपाय म्हणजे टीएससीएचची बिल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळीच रेडिओ चालू करणारं फर्मवेअर. मूळ वेळापत्रकात १० मिलिसेकंदांचे ७ स्लॉट असतात आणि दर फेरीला एकदा साधारण २.२ मिलिसेकंद ऐकणं होतं, म्हणजे सुमारे ३ टक्के वेळ. स्लॉटफ्रेम (एका फेरीतल्या स्लॉटांची संख्या) ३१ केली की हेच ०.७ टक्क्यांवर येतं. अर्ध्या तासाला एक नोंद पाठवायला एवढं पुष्कळ झालं. नवा नोड जाळ्यात यायला जास्त वेळ घेईल, तेवढी कळ काढा.

आता राउटिंग. आरपीएल इथे ईटीएक्स या मापावर चालतं. ज्या वाटेने कमी वेळा पुन्हा पाठवावं लागतं ती वाट ते धरतं, बॅटरी किती उरली ते विचारत नाही. गेटवे विहिरीजवळच्या मोटारखोलीत, बागेच्या कोपऱ्यात ठेवला की सगळ्यांचा डेटा जवळच्या दोन नोडांच्या डोक्यावर येतो. ते दोन आधी मरतात आणि मागची सगळी बाग मुकी होते. गेटवे मधोमध हलवा. तिथे वीज नसेल तर सोलर द्या, कारण गेटवे झोपत नाही. हलवणं शक्यच नसेल तर कोपऱ्याजवळ सेन्सर नसलेले दोन जादा नोड लावा.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे जोडणीची वेळ. बाग ताणावर (पाणी तोडलेलं) असताना पानगळ झालेली असते, त्यामुळे लिंक झकास दिसतात. पुढे पाणी सुटून नवी पालवी भरली की त्याच लिंक ढासळतात, कारण पानांतलं पाणी हीच फ्रिक्वेन्सी शोषतं. मग नोड पालक (ज्याच्यामार्फत डेटा पुढे जातो तो नोड) बदलत राहतात, ट्रिकल टायमर (वाटांची माहिती किती वेळाने पाठवायची ते ठरवणारा) परत ४ सेकंदांवर येतो (शांत जाळ्यात तो १७ मिनिटांपर्यंत वाढलेला असतो) आणि नियंत्रणाच्या पाकिटांतच सेल रिकामा होतो. म्हणून अँटेना शेंड्यांच्या वर, तीन मीटरच्या जीआय पाइपवर. बॉक्स मात्र खाली सावलीत. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात बंद डबा भट्टीसारखा तापतो.

सेन्सरच्या पट्टीच्या कापलेल्या कडांना वार्निश लावा, नाहीतर पाणी आत झिरपतं. काळ्या रानात भेगा पडल्या की पट्टीभोवती पोकळी होते आणि रीडिंग खोटं कोरडं दाखवतं.

चार-पाच एकरांची सलग बाग असेल तर हा संच घेऊच नका. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवरचा लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) परवान्याशिवाय चालतो, एका उडीत गेटवेपर्यंत जातो आणि राउटिंगचा प्रश्नच राहत नाही. तुकडे लांब-लांब, मध्ये उंचवटा किंवा बांधावर दाट झाडी असेल तिथेच हे जाळं कामाचं. घेताना फर्मवेअरचा सोर्स (मूळ कोड) मागून घ्या. नुसती हेक्स फाइल (तयार प्रोग्राम) हातात ठेवली तर स्लॉटफ्रेम बदलता येणार नाही.