घारी मोजायला जपाचा काउंटर

ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या पूजासाहित्याच्या दुकानात जपमाळांच्या शेजारी स्टीलचा एक काउंटर टांगलेला असतो. चार आकडी, मुठीत मावणारा, अंगठ्याने दाबायचा. मला दीडशे रुपयांना पडला. दुकानदाराने आधीच सांगितलं, "काकू, हा एकशेआठला वाजत नाही हं, तो डिजिटलवाला वाजतो." मला जप करायचा नव्हता, शिकारी पक्षी मोजायचे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गच्चीवरून आकाश बघणाऱ्या कुणालाही मी सांगेन, दुर्बिणीनंतर पहिली खरेदी हीच करा.

आमची गच्ची वर्तकनगरला, समोर येऊरचे डोंगर. सकाळी ऊन तापलं की उतारावरून गरम हवा वर चढायला लागते आणि घारी पंख न हलवता तिच्यात गोल गोल वर जातात. त्या घोळक्यात मधूनच एखादा पाहुणा असतो. कधी बूटेड ईगल, कधी मधुबाज, कधी खाडीकडे निघालेला दलदली भोवत्या, पंख उथळ 'व्ही'सारखे वर धरून. घारीची शेपटी दुभंगलेली, बूटेड ईगलची सरळ कापलेली. हे ओळखायला हातात जेमतेम चार-पाच सेकंद असतात. नेमकं तेव्हाच वहीत घारींचा आकडा लिहायला मान खाली घातली, की पाहुणा डोंगराआड. काउंटर असला की घारींचा हिशेब अंगठा ठेवतो, नजर वरच राहते. मला त्याची किंमत वाटते ती एवढ्याचसाठी.

दाबल्यावर खटका स्पष्ट जाणवतो, अर्धवट दाब मोजला जात नाही. घामेजलेल्या बोटांतूनही सटकत नाही, कारण मागे बोट अडकवायला कडी आहे. शून्यावर आणायची गोल फिरकी बाजूला आहे. खोट आहे ती याच फिरकीत. पिशवीच्या बंदात किंवा ओढणीत अडकून ती फिरली, की तासाभराची मोजणी गेली. म्हणून दर तासाला आकडा वहीत उतरवायचा, सोबत वारा कुठून आहे आणि ढग किती तेही. दुसरी खोट गंजाची. खाडीकाठच्या दमट हवेत आतली चक्रं जड होतात. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

बोटात घालायचा डिजिटल काउंटर निम्म्या किमतीत मिळतो. तो या कामाला घेऊ नका. उन्हात आकडा दिसत नाही, बटण इतकं हलकं की दोनदा दाबलं गेलं तरी कळत नाही, आणि थोडा वेळ हात थांबला की पडदा विझतो.

मोजायचं कसं, हे यंत्र शिकवत नाही. घिरट्या घालणारा घोळका कधीच मोजायचा नाही, तोच पक्षी तीनदा मोजला जातो. वर पोचल्यावर ते एकामागून एक घसरत बाहेर पडतात, रांग लागते. खटके तेव्हा मारायचे. जॉर्जियातल्या बातुमीला, काळा समुद्र आणि कॉकेशसच्या डोंगरांमधल्या चिंचोळ्या पट्टीत, मोजणारे हातात असेच काउंटर घेऊन बसतात. समुद्रावर गरम हवेचे झोत उठत नाहीत, म्हणून घिरट्या घालत जाणारे पक्षी पाणी टाळतात आणि त्या पट्टीत दाटतात; एका शरदात दहा लाखांहून जास्त. ठाण्याला तसा लोंढा नाही. आपल्याकडे खटके पडतात ते मुख्यतः घारींचेच, आणि त्यांतल्या बऱ्याचशा इथल्याच.

मग इथल्या घारी कशाला मोजायच्या, असं मला गच्चीवर येणारे शेजारी विचारतात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही कितीतरी याद्यांत घारीसमोर आकड्याऐवजी नुसता 'एक्स' दिसतो: आहे, पण मोजली नाही. मला ते फार लागतं. गिधाडंही एकेकाळी अशीच गावोगाव होती. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात त्यांची घरटी मोजून ठेवली होती, म्हणून नव्वदच्या दशकात ती संपत चालल्याचं आकड्यांनिशी दाखवता आलं. कारण जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक निघालं आणि २००६मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातलं एकही उरलं नव्हतं. अमेरिकेत हॉक माउंटनला १९३४पासून मोजणी होती, त्यामुळे डीडीटीच्या काळात गरुडांत तरुण पक्षी कमी दिसू लागल्याचं तिथल्या वह्यांतून कळलं. रोज दिसणारा पक्षी मोजून ठेवलेला असला तरच तो कमी झाल्याचं कुणाला तरी सांगता येतं. दीडशे रुपयांत एवढं होत असेल तर घारीसमोर 'एक्स' टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती.

भोवत्यांसाठी ऐरोलीला खाडीकाठी जाणार असाल तर दोन काउंटर घ्या. उजव्या हातात घारी, डाव्या हातात भोवत्या. बाकी एकट्यादुकट्या पक्ष्यांना वही पुरते. घेताना दुकानातच ९पासून १०पर्यंत आणि ९९पासून १००पर्यंत दाबून बघा. काही नगांत दुसरं चक्र तिथे अडखळतं, तो नग परत द्या आणि दुसरा मागा. दुकान दुपारी बंद असतं, संध्याकाळी पाचनंतर जा.