लाळग्रंथीचा कॅन्सर: आधी पीडी-एल१ की हर-२?

पॅरोटिडची (कानापुढच्या लाळग्रंथीची) गाठ काढून झाली, रिपोर्ट हातात आला की कोथरूडपासून हडपसरपर्यंतचे नातेवाईक विचारतात, "पीडी-एल१ करून घेऊ का? पुढचं काही कळेल का त्यावरून?"

पीडी-एल१ हे पेशींवरचं प्रथिन, ते प्रतिकारशक्तीला ब्रेक लावतं. केवळ पुढचा अंदाज हवा असेल, तर त्याच्या तपासणीवर पैसे घालू नका. काही अभ्यासांत पीडी-एल१ पॉझिटिव्ह रुग्णांचं पुढे तितकं चांगलं झालेलं दिसत नाही, काहींत फरकच दिसत नाही. शिवाय आक्रमक, हाय ग्रेड गाठींत हा मार्कर जास्त सापडतो. मग दोष मार्करचा की ग्रेडचा, हे वेगळं काढता येत नाही. लॅग-३, टिम-३ हे याच जातीचे मार्कर तर अजून संशोधनातच आहेत. खरा अंदाज हातातल्या रिपोर्टमध्येच असतो: गाठीचा प्रकार, ग्रेड, मार्जिन (कापलेल्या कडेला कॅन्सर उरला का), नसेभोवतीचा शिरकाव, मानेतल्या लिम्फ गाठी.

आजार पसरला असेल, तर प्रश्न उपचाराचा होतो. पेम्ब्रोलिझुमॅब या, प्रतिकारशक्तीवरचा हा ब्रेक सोडवणाऱ्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत लाळग्रंथी कॅन्सरच्या १०९ रुग्णांपैकी जेमतेम ४.६ टक्क्यांची गाठ आकसली. पीडी-एल१ पॉझिटिव्ह असलेल्यांत १०.७ टक्के. याउलट जपानमध्ये हर-२ (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) पॉझिटिव्ह ५७ रुग्णांना ट्रास्टुझुमॅब हे हर-२ रोखणारं औषध आणि डोसेटॅक्सेल ही केमो दिली, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. चाचण्या वेगळ्या, रुग्णांची निवड वेगळी, त्यामुळे हे आकडे तंतोतंत ताडून पाहू नयेत. पण एवढी तफावत नजरेआड करण्यासारखी नाही.

म्हणून सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा हा आक्रमक प्रकार असेल तर आधी हर-२ आणि अँड्रोजेन रिसेप्टर (पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणारं प्रथिन) तपासा. सिक्रेटरी कार्सिनोमा हा प्रकार असेल तर एनटीआरके जनुकातला बदल, कारण त्यावर नेमकं औषध आहे. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक या प्रकारात पीडी-एल१ची स्लाइड बहुधा निळीच, म्हणजे निगेटिव्ह, राहते. पेशींच्या कडेला तपकिरी रंग चढलेला क्वचितच दिसतो. तिथे ही तपासणी शेवटी ठेवली तरी चालेल.

पीडी-एल१ करायचीच ठरली, तर रिपोर्टवर मोजणीची पद्धत सीपीएस आहे की टीपीएस, हे बघा. टीपीएसमध्ये फक्त कॅन्सरच्या पेशी मोजतात, सीपीएसमध्ये रंगलेल्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशीही धरतात. त्यामुळे एकाच स्लाइडचे दोन आकडे वेगवेगळे येऊ शकतात.

ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागायला जाल तेव्हा सगळ्या तपासण्या एकदमच सांगा. दर वेळी ब्लॉक मशीनवर चढवून सपाट करताना थोडा टिश्यू वाया जातो, आणि छोट्या बायोप्सीत तेवढाही परवडत नाही.