एक ऑफर हातात, दुसरीची वाट: लोटे-चिपळूण पट्ट्यातल्या प्लेसमेंट एजन्सी किती कामाच्या?

शुक्रवारी संध्याकाळी एजन्सीचा फोन येतो. "अभिनंदन, सिलेक्शन झालंय. ऑफर लेटर मेलवर टाकलंय, सोमवारी सकाळी दहापर्यंत ॲक्सेप्ट करून पाठवा, नाहीतर कंपनी पुढच्याला बोलावतेय." इकडे दुसऱ्या, जास्त मनात भरलेल्या कंपनीचा इंटरव्ह्यू होऊन दहा-बारा दिवस झालेले असतात आणि तिकडून काहीच कळलेलं नसतं. लोटे-परशुराम, खेर्डी, गाणे-खडपोली, खाली रत्नागिरीची मिरजोळे, वर महाड आणि रोह्याची धाटाव या एमआयडीसींमध्ये केमिस्ट, क्यूसी (गुणवत्ता तपासणी), प्लांट ऑपरेटर, फिटर, स्टोअर या जागांसाठी एजन्सीचा फोन येणं नेहमीचं आहे. म्हणून हे परीक्षण एजन्सीच्या एकाच कामाचं: दोन कंपन्यांमध्ये अडकलेल्या उमेदवाराला ती किती उपयोगी पडते? नावं घेत नाही, कारण कामाची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे.

आमचं मत आधीच सांगतो. माहिती काढायला एजन्सी उत्तम, निरोप पोचवायला बेताची, आणि "कुठली नोकरी घेऊ?" हे विचारायला चुकीची जागा.

याचं कारण एजन्सीच्या हिशोबात आहे. एजन्सीला पैसे कंपनी देते. प्रचलित दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. ते बिल निघतं तुम्ही जॉइन झाल्यावर. बहुतेक करारांत रिप्लेसमेंटची अटही असते: माणूस साठ किंवा नव्वद दिवसांत सोडून गेला, तर एजन्सीने दुसरा माणूस फुकट द्यायचा किंवा पैसे परत करायचे. तुम्ही थांबलात की तिचं बिल थांबतं, आणि नाही म्हणालात की महिन्याभराची मेहनत जाते. त्यामुळे तिच्या माणसाची घाई समजण्यासारखी आहे. फक्त तो ज्या कंपनीची बाजू सांगतोय, तीच त्याला पैसे देणारी आहे, एवढं ऐकताना लक्षात ठेवा. उमेदवाराकडून रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा सिक्युरिटी डिपॉझिटच्या नावाने पैसे मागणारी एजन्सी आम्ही या परीक्षणात धरलेलीच नाही. तिथे पहिल्या फोनलाच थांबावं.

आता तिचा खरा उपयोग. कारखान्याच्या गेटच्या आत काय चालतं हे चांगल्या एजन्सीला नेमकं ठाऊक असतं, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नसतं. सोमवारपर्यंतच्या मुदतीत हे प्रश्न फोनवर विचारून घ्या: नेमणूक कंपनी रोलवर आहे, कंत्राटदाराकडे आहे की अप्रेंटिस म्हणून? अप्रेंटिस म्हणजे १९६१च्या कायद्याखालचं प्रशिक्षण, त्यात पगार नाही, स्टायपेंड मिळतो. ऑफर लेटरच्या मथळ्यावरून ते दर वेळी कळत नाही. तिसरी पाळी महिन्यातून किती वेळा? कंपनीची बस आहे का, आणि चिपळुणात ती नेमकी कुठल्या थांब्यावर थांबते? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण चिपळूण ते लोटे म्हणजे मध्ये परशुराम घाट. पावसाळ्यात रात्रपाळी सुटल्यावर तो दुचाकीने उतरावा लागणार असेल, तर दोन ऑफरमधला दीड हजाराचा फरक कुठच्या कुठे जातो. ही जागा रिकामी का झाली, आधीचा माणूस किती दिवस टिकला, हेही विचारा. अनुभवी कन्सल्टंट याचं उत्तर सहसा खरं देतो, कारण तुम्ही दोन महिन्यांत पळालात तर भुर्दंड त्यालाच बसतो. रिप्लेसमेंटची अट इथे तुमच्या बाजूने काम करते.

पगाराच्या बाबतीत मात्र एजन्सीच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. ती सांगते सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च; घरी येतो इन-हँड. उदाहरणादाखल एक पत्रक उलगडून पाहू. सीटीसी वर्षाला ३,२४,००० रुपये, म्हणजे महिना २७,०००. बेसिक १४,००० आणि पीएफ फक्त बेसिकवर धरला, तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ १,६८० रुपये. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ६७३. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,१६६, जो वर्षाकाठी मिळतो. हे तिन्ही सीटीसीत मोजलेले, पण दरमहा हातात न येणारे. ते वजा जाता ग्रॉस २३,४८१. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,६८० आणि व्यवसाय कर २०० गेला, की बँकेत २१,६०१ जमा होतात. (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत तो लागत नाही.) कँटीन, बस, ग्रुप विमा हेही कापले जात असतील तर आणखी खाली. "सत्तावीस हजार" आणि "साडेएकवीस हजार" या एकाच नोकरीच्या दोन बाजू आहेत. दुसऱ्या कंपनीने तोंडी सांगितलेला आकडा यातला कुठला, हे कळल्याशिवाय तुलना करूच नये. एजन्सीकडे सरळ सॅलरी ब्रेकअप मागा. जी तासाभरात पाठवते ती चांगली, जी "जॉइन झाल्यावर एचआर समजावतील" म्हणते तिचा एक गुण आम्ही कापतो.

मुदत वाढवून मागणं हे या सगळ्यातलं सर्वात नाजूक काम, आणि इथेच एजन्सी कमी पडते. फोनवर तुम्ही म्हणता, "मला गुरुवारपर्यंत वेळ मिळेल का?" कंपनीच्या एचआरपर्यंत ते पोचतं, "कँडिडेट डाउटफुल आहे." मध्ये दोन माणसं आली की शब्द बदलतात, कोणाचा वाईट हेतू नसला तरी. म्हणून मागणी लेखी करा: ऑफर ज्या मेल आयडीवरून आली त्यावर, एजन्सीला प्रतीत ठेवून. मजकूर चार ओळींचा पुरतो. ऑफर मिळाली, आभार. काम आवडलं आहे. सॅलरी ब्रेकअप आणि सेवाशर्ती नीट वाचून मी अमुक तारखेला, अमुक वाजेपर्यंत लेखी उत्तर देईन. तोवर मुदत वाढवावी ही विनंती. तारीख तुम्हीच घाला. "थोडा वेळ हवा" असं लिहिलं तर समोरचा माणूस त्यात स्वतःची भीती भरतो. "गुरुवारी दुपारी चारपर्यंत" लिहिलं तर तो कॅलेंडर बघतो. तीन ते पाच कामाचे दिवस मागणं रास्त आहे. दोन आठवडे मागितले तर बहुधा नकार येतो, कारण प्लांटमध्ये ती पाळी कोणीतरी डबल करून ओढत असतो. आजारपण, घरातलं लग्न अशी कारणं रचू नका. लोट्यात एका कंपनीचा एचआर दुसऱ्या कंपनीच्या एचआरला ओळखतो.

मेल करताना एक जोखीम माहीत हवी. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार तुम्ही होकार देईपर्यंत कंपनी प्रस्ताव मागे घेऊ शकते. त्यामुळे मुदतवाढीच्या मेलमध्ये नवीन अट घालू नका. "पगार वाढवला तर आणि गुरुवारनंतर" असं लिहिलं की तो प्रतिप्रस्ताव होतो आणि मूळ ऑफर सुटू शकते. पगाराची बोलणी वेगळी आणि मुदतवाढीचं उत्तर आल्यावर.

त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीला कळवा. इथे एजन्सी मध्ये घेऊ नये, विशेषतः दोन्ही कंपन्या एकाच एजन्सीच्या गिऱ्हाईक असतील तर. तुमची पहिली ऑफर, तिचा आकडा, तुमचा कल, सगळं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं. थेट एचआरला सांगा: माझ्याकडे लेखी ऑफर आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, तुमच्याकडे काम करायची माझी इच्छा आहे, त्याआधी निर्णय कळू शकेल का? कंपनीचं नाव सांगायची गरज नाही, आणि आकडा विचारला तर खरा सांगा. पुढे सॅलरी स्लिप आणि ऑफर लेटर मागितलं जातंच.

दुसरी कंपनी खरोखर जवळ आली आहे की नुसती टांगतेय, हे तिच्या मागण्यांवरून ओळखता येतं. शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर मागितलं असेल तर फाइल पगाराच्या टेबलावर आहे. मेडिकलला पाठवलं असेल तर जागा जवळजवळ तुमची. केमिकल प्लांटमध्ये कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी असते आणि नको असलेल्या माणसावर कंपनी तो खर्च करत नाही. नुसतं "प्रोसेसमध्ये आहे" दोनदा ऐकलं आणि कागद एकही मागितला नाही, तर ती ऑफर नाहीच असं धरून निर्णय घ्या. आणि दुसरी वाट जिल्हा परिषद, रेल्वे किंवा अशा कुठल्या सरकारी भरतीची असेल, तर खासगी ऑफर तिच्यासाठी अडवू नका. निकाल, कागदपत्र पडताळणी, प्रतीक्षा यादी यांत महिने जातात. कमी नोटिस पिरियड आणि बाँड (ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) नसलेली नोकरी घ्या, रुजू व्हा, निकाल लागला की रीतसर राजीनामा द्या.

बाँडबद्दल एजन्सीवाले हमखास म्हणतात, "फॉर्मॅलिटी आहे हो, कोणी कोर्टात जात नाही." हा सल्ला धोक्याचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड त्यामुळे टिकेलच असं नाही. रक्कम वाजवी आहे का, प्रशिक्षणावर खर्च खरंच झाला का, हे बघितलं जातं. पण दुसऱ्या ऑफरची वाट बघणाऱ्याने बाँडवर सही करून "नंतर बघू" म्हणणं म्हणजे ती दुसरी ऑफर दोन लाखांनी महाग करून घेणं. मूळ मार्कशीट आणि डिप्लोमा कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रत त्याच दिवशी घरी आणा. कोरा चेक तर नाहीच.

"आत्ता जॉइन व्हा, दुसरं आलं की सोडा" हाही सल्ला मिळतो. त्याचा घोळ पीएफमध्ये होतो. रुजू झाल्याची तारीख तुमच्या यूएएनवर चढते. आठ दिवसांत न सांगता निघून गेलात तर पहिली कंपनी सोडल्याची तारीख भरत नाही, दुसरीकडे तुम्ही रुजू, आणि सेवा इतिहासात दोन नोकऱ्या एकावर एक चढतात. पुढे पीएफ ट्रान्सफर अडतो आणि पार्श्वभूमी तपासणीत प्रश्न येतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सोडल्याची तारीख पोर्टलवर स्वतः भरता येते, पण तोवर नव्या एचआरला उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात. जायचंच असेल तर लेखी राजीनामा देऊन जा.

बाकीच्या सेवांबद्दल थोडक्यात. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल (२०१५ पासून) आणि राज्याचं महास्वयम दोन्ही मोफत आहेत. जागा शोधायला ठीक, पण दोन ऑफरच्या पेचात तिथे बोलायला माणूस नाही. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला आधी विचारा: एक ऑफर स्वीकारली की पुढच्या कंपनीला बसू न देण्याचा नियम अनेक ठिकाणी असतो. दापोली, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या आखाती नोकऱ्यांत एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. त्याला कायद्याने कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. जहाजावर जाणाऱ्यांनी एजंटचा आरपीएसएल (भरतीच्या परवान्याचा) क्रमांक डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत तपासावा, आणि दुसऱ्या जहाजाचं पक्कं होईपर्यंत सीडीसीची (खलाशाच्या ओळखपत्राची) मूळ पुस्तिका एजंटच्या कपाटात ठेवू नये. ती अडकली की दुसरी ऑफर आली तरी पाय हलत नाही.

आमचे गुण, पाचपैकी: कारखान्याची माहिती ४, पगाराचा खुलासा ३, मुदतवाढीची मध्यस्थी २, निर्णयासाठी सल्ला १.

निर्णय झाला की ज्यांना नाही म्हणायचंय त्यांना त्याच दिवशी कळवा. आधी एजन्सीला फोन, मग कंपनीला दोन ओळींचा मेल, आणि तोही नव्या कंपनीचं सही-शिक्क्याचं पत्र हातात आल्यावरच, तोंडी शब्दावर नाही. फोन बंद करून बसलात, तर तो कन्सल्टंट सोमवारी कंपनीच्या गेटवर तुमची वाट बघत उभा असतो, आणि त्याच्या यादीत पुढच्या नंबरला असलेल्या खेड किंवा सावर्ड्याच्या मुलाला तुमच्या रिकाम्या जागेचा निरोप चार दिवस उशिरा मिळतो.