लिथगोची १९४२ ची थ्री नॉट थ्री परत मूळ रूपात, गनस्मिथच्या कामाचा रिव्ह्यू

कामाला पाच स्टार, वेळ पाळण्याला तीन. न्यू साउथ वेल्समधल्या ज्या मराठी मंडळींकडे जुनी ली-एनफिल्ड रायफल आहे किंवा घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

माझी रायफल एसएमएलई मार्क ३ स्टार (ली-एनफिल्डचाच एक प्रकार), इथल्याच लिथगो गावच्या कारखान्यातली. म्हणजे आपली थ्री नॉट थ्रीच, जी तिकडे भारतात ईशापूरला बनायची आणि पोलिसांच्या खांद्यावर आपण लहानपणापासून बघत आलो. युद्धानंतर इथे या रायफली स्वस्तात विकल्या गेल्या आणि शिकारीला हलकी पडावी म्हणून लोकांनी पुढचं लाकूड सरळ कापून टाकलं, माझीचंही तेच झालेलं. मग मी शोधून शोधून कोचवूडचा (हे इथलं एक लाकूड) न वापरलेला जुना फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड), हँडगार्ड (नळीवरचं लाकूड), नोजकॅप (पुढच्या टोकाची लोखंडी टोपी), बँड (लाकूड बांधून ठेवणारी पट्टी) असं सगळं जमवलं. एका दुसऱ्या दुकानात विचारलं तर म्हणे ठोकून बसवतो, स्क्रू आवळतो, झालं काम. तिथून रायफल उचलली आणि निघालो.

या वर्कशॉपमधल्या काकांनी लाकडाला हात लावायच्या आधी बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) मागितला. बोल्टवरचा नंबर रिसीव्हरवरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्यावरच्या) नंबराशी जुळतो का ते बघितलं, मग निळा रंग लावून बोल्टचे दोन्ही लग (त्याला अडवून धरणारे उंचवटे) सारखे टेकतायत का ते तपासलं, मग हेडस्पेसचे, म्हणजे बंद बोल्ट आणि नळी यांच्यात काडतुसाच्या कडेला मिळणारी जागा मोजायचे, गेज काढले. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि ०.०७४ वर होता कामा नये. माझा जुना बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं सुटं टोक, झिजलेला निघाला. नंतर आलेल्या नंबर ४ मॉडेलच्या रायफलीत ० ते ३ असे नंबर टाकलेले हेड मिळतात, या मॉडेलला तसं काही नाही, एकेक लावून बघायचा आणि गेजने मोजायचं. त्यांनी डब्यातले हेड काढून तेच केलं, योग्य तो बसेपर्यंत.

लाकडाचं काम बघायला त्यांनी मला शेजारी उभं राहू दिलं, यासाठी खरंच आभार. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवा: बट (खांद्याला टेकणारं मागचं लाकूड) काढायची असेल तर आधी फोरएंड उतरवायचा, मगच बट आवळून धरणारा लांब बोल्ट फिरवायचा. त्या बोल्टचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं, तसंच फिरवलं तर लाकूड उभं चिरतं. बसवताना उलटा क्रम, आधी बट घट्ट, मग फोरएंड.

खरी कसोटी फोरएंडच्या मागच्या बाजूला. गोळी सुटल्यावरचा धक्का रिसीव्हरकडून लाकडातल्या दोन छोट्या खांद्यांवर येतो, ते दोन्ही खांदे एकसारखे टेकले पाहिजेत, नाहीतर आज ना उद्या लाकूड फुटणार. कोचवूड मऊ, म्हणून लिथगोवाले तिथे तांब्याच्या पट्ट्या बसवायचे. काकांनी निळा रंग लावायचा, फोरएंड बसवायचा, काढायचा, जिथे डाग लागला तिथे कानसेचा एक हलका हात, परत बसवायचा, असं इतक्या शांतपणे केलं की बघत राहावं. सँडपेपरचा तुकडा कुठे दिसला नाही. उलट लाकडावरचा ‘स्लॅझ ४२’ शिक्का जपून ठेवला (टेनिस रॅकेटवाल्या स्लॅझेंजरनेच युद्धात ही लाकडं बनवली) आणि नुसतं जवसाचं तेल चोळून दिलं.

मग ट्रिगर. या मॉडेलमध्ये ट्रिगर रिसीव्हरला नसतो, ट्रिगर गार्डला असतो, त्यामुळे लाकूड सुकून आकसलं की दोन टप्प्यांची ओढ बिघडते, आणि लोक उगाच सिअर (ट्रिगर ओढल्यावर सुटणारा खटका) घासत बसतात! त्यांनी आधी गार्डच्या पुढच्या स्क्रूची कॉलर (त्याभोवतीचं छोटं कडं) आणि लाकूड नीट जुळवलं, तेवढ्यानेच पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा वेगळे कळायला लागले. शेवटी नोजकॅप. नळी त्यात कुठेही घासता कामा नये, आणि खालून स्प्रिंगवरचा छोटा खुंटा तिला वर दाबत राहायला हवा. नळीचं तोंड बोटाने खाली दाबलं की किंचित दबतं आणि सोडलं की परत वर येतं, हे त्यांनी मला स्वतः करून बघायला लावलं.

रेंजवर फरक लगेच कळला. आधी नळी तापली की गोळ्या वर सरकत जायच्या, आता शंभर मीटरवर एका जागी पडतायत.

आता तक्रार. सांगितलेली तारीख टळली, परत टळली, आणि मधे फोन कुणी उचलत नाही, मेसेजला उत्तर नाही. बिल तासावर लावतात, स्वस्त अजिबात नाही, पण काय काय केलं ते ओळीने लिहून देतात. घाई असेल, सीझन तोंडावर असेल तर इथे देऊ नका. आणि देणार असाल तर सगळे सुटे भाग, अगदी निरुपयोगी वाटणारे जुने स्क्रूसुद्धा, सोबत न्या, माझ्या जुन्या डब्यातलाच एक स्क्रू शेवटी बँडला बसला. लायसन्स आणि रजिस्ट्रेशनचे कागद दारातच बघतात, ते आठवणीने घ्या.