अकरावीतल्या मुलांच्या आईबाबांनो, हॉटेलातल्या त्या 'फ्री कॉलेज सेमिनार'पासून सांभाळा

ज्यांची मुलं इथे अमेरिकेत यंदा ज्युनियर इयरला म्हणजे अकरावीला आहेत किंवा पुढच्या वर्षी जाणार आहेत त्यांनी हे नीट वाचा, आणि कुठे सही करायच्या आधी वाचा. आम्ही न्यू जर्सीत राहतो, एडिसनजवळ. कॉलेज अ‍ॅडमिशनची सगळी तयारी करून देतो म्हणून एका कंपनीने आमच्याकडून ४,९०० डॉलर घेतले आणि तोंडाला पानं पुसली. आमच्या ओळखीतल्या अजून काही मराठी आणि गुजराती घरांतूनही असेच पैसे घेतलेत. कंपनीचं नाव इथे टाकत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि नाव बदलून हाच धंदा करणाऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे त्यांची पद्धत कळणं जास्त गरजेचं आहे.

सगळ्याची सुरुवात पत्राने होते. ज्युनियर इयरचा हिवाळा, पीएसएटीचे (एसएटीच्या सराव परीक्षेचे) मार्क नुकतेच आलेले, घरात एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेची बोलणी चालू, आणि अशात पोस्टाने एक जाड पाकीट येतं. वर 'अमुकच्या पालकांस' म्हणून लेकीचं पूर्ण नाव, खाली तिच्या शाळेचं नाव, कोपऱ्यात सरकारी वाटावा असा गोल शिक्का. आत लिहिलेलं की तुमच्या मुलीची निवड झाली आहे, जागा थोड्या आहेत, दोन्ही पालकांनी येणं आवश्यक. हे शेवटचं वाक्य बघून ठेवा. एकटी आई किंवा एकटा बाप आला तर 'घरी विचारून सांगते' म्हणून उठता येतं, दोघं असले की तो रस्ताच बंद होतो. शाळेच्या काउन्सेलरला नंतर ते पत्र दाखवलं तर ती म्हणाली की शाळेचा याच्याशी काडीचा संबंध नाही आणि दर वर्षी कोणीतरी पालक असं पत्र घेऊन येतातच.

सेमिनार हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. पहिला पाऊण तास स्टेजवरचा माणूस फक्त घाबरवत होता. हार्वर्ड शंभरातल्या चार मुलांनाही घेत नाही, तुमच्या मुलांसारखे मार्क असलेली हजारो भारतीय मुलं रांगेत आहेत, वगैरे. यातलं बरंचसं खरंच आहे, म्हणून तर ते आत उतरतं. मग प्रत्येक कुटुंबाला वेगळ्या टेबलावर बसवलं आणि आमच्या टेबलावर नेमका मराठी बोलणारा माणूस आला. "ताई, तुमची लेक म्हणजे माझी भाचीच समजा." लॅपटॉपवर त्याने लेकीचा जीपीए, पीएसएटीचा स्कोअर, आमचं उत्पन्न टाकलं आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली, 'हाय रिस्क'. लेक शेजारी बसलेली होती, तिचा चेहरा पडलेला मी बघितला. नंतर कळलं की आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा स्कोअर तिच्यापेक्षा बराच वरचा, त्यालाही तीच लाल पट्टी. त्या लॅपटॉपवर हिरवं काही आलेलं कोणीच बघितलेलं नाही.

ऑफर फक्त आजच्यापुरती. क्रेडिट कार्डवर १,९०० आणि बाकीचे झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायच्या अ‍ॅपने) दिले तर २०० डॉलर कमी, ती सूट धरून झेलचे ३,०००. झेलसाठी सूट का, तर कार्डावर ग्राहकाला डिस्प्यूट करता येतं आणि झेलने आपणहून पाठवलेले पैसे परत मिळणं महाकठीण असतं, एवढं साधं कारण आहे. कोणी झेलसाठी सूट देत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता गॅरंटीबद्दल. 'चांगल्या कॉलेजात अ‍ॅडमिशन नाहीतर पैसे परत' असं तोंडाने सांगितलं. कॉन्ट्रॅक्टमध्ये काय होतं तर कंपनी देईल त्या यादीतल्या सगळ्या कॉलेजांना अर्ज केला पाहिजे, आणि यादीतल्या एकाही कॉलेजात मिळालं नाही तरच पैसे परत. यादी उन्हाळ्यात हातात आली, तिच्यात खाली दोन कॉलेजं अशी होती जी जवळजवळ येईल त्याला घेतात. म्हणजे पैसे परत द्यायची वेळच येणार नाही अशी सोय आधीच करून ठेवलेली. जे प्रामाणिक काउन्सेलर असतात ना, तेही आहेत आणि चांगले आहेत, त्यांच्यापैकी कोणी अ‍ॅडमिशनची गॅरंटी देत नाही. आयईसीए ही त्यांची संघटना, तिच्या सभासदांना तर नियमानेच अशी गॅरंटी देता येत नाही. आणि कोणी हळूच 'आतले कॉन्टॅक्ट आहेत' म्हणालं तर २०१९ चं व्हर्सिटी ब्लूज हे अ‍ॅडमिशन घोटाळ्याचं प्रकरण आठवा. रिक सिंगर नावाचा माणूस श्रीमंत पालकांना 'साइड डोअर' विकत होता, बनावट खेळाडू, बदललेली उत्तरपत्रिका, सगळं. जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली आणि पैसे देणारे कितीतरी पालकही तुरुंगात जाऊन आले.

दुसरा भाग पैशांचा, आणि मला वाटतं खरा धंदा हाच होता. एक मीटिंग 'फायनान्शियल एड प्लॅनिंग'ची ठेवली. त्या माणसाच्या स्लाइडवर अजून ईएफसी (कॉलेजच्या खर्चात घर किती पैसे घालू शकेल याचा सरकारी आकडा) लिहिलेलं होतं, जे २०२४-२५ पासून बंद होऊन त्याजागी एसएआय आलंय, आणि दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली तर फायदा मिळतो असं तो सांगत होता, तोही फॅफ्सातून म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जातून त्याच वेळी गेलाय. मग म्हणे उत्पन्न आत्ताच कमी दाखवायची सोय करू. ही मीटिंग २०२५ च्या फेब्रुवारीतली. लेक कॉलेजला जाणार २०२६ च्या फॉलमध्ये, तिच्या फॅफ्साला २०२४ सालचा टॅक्स रिटर्न लागतो, म्हणजे ते वर्ष डिसेंबरमध्ये संपूनही गेलेलं! ज्युनियरच्या पालकांनो, हा हिशोब पाठच करून ठेवा, दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं जे कॅलेंडर वर्ष तेच उत्पन्न पहिल्या फॅफ्सात मोजलं जातं. जानेवारीनंतर कोणी त्या वर्षाचं प्लॅनिंग विकत असेल तर तो हवा विकतोय.

उत्पन्नाचं जमत नाही म्हटल्यावर गाडी बचतीवर आली. ६०,००० डॉलरची बचत अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनीकडे पैसे ठेवून पुढे ठरावीक उत्पन्न घ्यायच्या योजनेत) टाका, फॅफ्सात ती दिसणार नाही, असं. निवृत्तीसाठीची अ‍ॅन्युइटी फॅफ्सात मोजत नाहीत हे खरंय. पण माझ्या नवऱ्याने तिथेच कागदावर हिशोब मांडला. पालकांच्या बचतीतली जास्तीत जास्त ५.६४ टक्के रक्कम धरली जाते, म्हणजे ६०,००० वर वर्षाला फार तर ३,३८४ डॉलर. आणि आमच्यासारख्या दोघं नोकरी करणाऱ्या घरात उत्पन्नावरूनच एसएआय इतका वर जातो की बचत लपवून गरजेवर आधारित मदत मिळतच नाही. उलट पैसे अडकणार, आणि लवकर काढले तर सरेंडर चार्ज, तो सुरुवातीच्या वर्षांत सात-आठ टक्क्यांपर्यंतही असतो. कमिशन मात्र त्या माणसाला पहिल्याच दिवशी. आम्ही नाही म्हटलं, आणि त्या दिवसापासून 'ताई, ताई' बंद. फोन उचलेनात, मीटिंगा पुढे ढकलायला लागले, विचारलं की हा त्याच्याकडे आणि तो ह्याच्याकडे टोलवायचा.

आमच्या एका मैत्रिणीचं तर ऐकून मला झोप लागली नाही. ती मंडळी एच-वन-बीवर, मुलगा एच-फोरवर म्हणजे डिपेंडंट व्हिसावर. तिच्याकडून त्यांनी फॅफ्सा भरून द्यायचे वेगळे पैसे घेतले. फेडरल मदत सिटिझनना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि अजून काही ठरावीक गटांनाच मिळते, त्यात एच-फोर येत नाही, हे या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल असं होऊच शकत नाही. फॉर्म भरायला तर कोणालाच पैसे लागत नाहीत, तो स्टुडंटएड डॉट गव्हवर फुकट असतो. ते पोर आधीच एकविसाव्या वर्षी डिपेंडंट व्हिसा संपणार या काळजीत, त्यात त्याच्या आईबापांना मदतीची खोटी आशा लावली. याला मी फसवणूक नाही, क्रूरपणा म्हणते.

एसेचं काय झालं तेही सांगते. कॉमन अ‍ॅप म्हणजे एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची साइट, तिचा मेन एसे म्हणजे स्वतःबद्दलचा निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. लेकीने स्वतः लिहिलेला कच्चा ड्राफ्ट त्यांना पाठवला होता, मराठी शाळेत लहान मुलांना शिकवण्याबद्दल, साधा होता पण तिचा होता. परत आला तेव्हा एक ओळसुद्धा तिची नव्हती. त्यात लिहिलेलं की माझी आजी कॅन्सरने गेली आणि तिच्या उशाशी बसून मी डॉक्टर व्हायचं ठरवलं. तिची आजी सांगलीत आहे, ठणठणीत, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हिचं डोकं खाते जेवलीस का म्हणून. आणि लेकीला डॉक्टर व्हायचं नाही, तिला स्टॅटिस्टिक्स करायचंय. लेक ते वाचून खोलीत जाऊन रडली. मला म्हणाली, "आई, मी जशी आहे तशी पुरत नाही का?" सोळा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे. शिवाय कॉमन अ‍ॅप सबमिट करताना मूल स्वतः सही करून सांगतं की हे सगळं माझंच काम आहे, खोटं निघालं तर मिळालेली अ‍ॅडमिशनसुद्धा जाते. तेव्हा कंपनी हात वर करून मोकळी, भोगायचं मुलाने.

आणि पासवर्ड. कॉमन अ‍ॅपचं अकाउंट त्यांनीच उघडलं होतं आणि त्यांच्याच ईमेलवर! आम्ही पैसे परत मागितल्यावर लेकीचं लॉगिन बंद. ऑगस्टमध्ये, सीनियर इयर तोंडावर आलेलं असताना. काउन्सेलरने धीर दिला, लेकीने तिच्या स्वतःच्या ईमेलवर नवीन अकाउंट उघडलं, शाळेने तिकडून ते जोडून घेतलं. निस्तरलं, पण तोवर घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. अकाउंट मुलाच्याच ईमेलवर हवं, आणि तो ईमेल शाळेचा नको, पुढे बंद होतो.

पैशांचं म्हणाल तर कार्डाचे १,९०० डिस्प्यूट करून मिळाले, कारण कबूल केलेल्या मीटिंगा झाल्या नाहीत त्याचे ईमेल आमच्याकडे होते. हे लवकर करायला लागतं, स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवस हा आकडा धरून चाला. दुसरी गोष्ट कन्झ्युमर अफेअर्सकडे (न्यू जर्सीच्या ग्राहक खात्याकडे) तक्रार करताना कळली, ती प्रत्येकाला माहीत हवी. हॉटेलसारख्या तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा त्याहून जास्तीची विक्री झाली तर एफटीसी या ग्राहक संरक्षणाच्या फेडरल संस्थेच्या कूलिंग ऑफ नियमाने तिसऱ्या बिझनेस डेच्या मध्यरात्रीपर्यंत ती रद्द करता येते, शनिवारही त्यात धरतात. कारण द्यायला लागत नाही. विकणाऱ्याने हे तोंडी सांगायला हवं आणि रद्द करायच्या फॉर्मच्या दोन कॉप्या हातात द्यायला हव्यात. आम्हाला ना सांगितलं ना फॉर्म दिला. उलट कॉन्ट्रॅक्टवरची तारीख त्यांनी आधीच भरून ठेवलेली, सेमिनारच्या आठवडाभर आधीची, म्हणजे सही केली तेव्हाच तीन दिवस उलटून गेलेले दिसावेत. तक्रारीत आमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच झालाय.

मग तयारी करायची कशी असं कोणी विचारेल. एसएटीसाठी लेकीने ब्लूबुक अ‍ॅपवरच्या प्रॅक्टिस टेस्ट आणि खान अ‍ॅकॅडमी वापरलं, दोन्ही फुकट. कॉलेज परवडेल का हे बघायला प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तसा ठेवणं फेडरल कायद्याने २०११ पासून सक्तीचं आहे, टॅक्सचे कागद समोर घेऊन एका संध्याकाळी आमची पाच-सहा कॉलेजं बघून झाली आणि त्या कंपनीने महिनोन्‌महिने जे सांगितलं नाही ते कळलं. न्यू जर्सीवाल्यांनी एनजे स्टार्स ही राज्याची स्कॉलरशिपपण बघा, वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ होते, आपल्या लोकांत कम्युनिटी कॉलेज म्हटलं की नाक मुरडतात म्हणून कोणी चौकशीही करत नाही. आणि शाळेच्या काउन्सेलरला ज्युनियर इयरच्या जानेवारीतच गाठा, त्या बाईकडे शेकडो मुलं असतात, जो भेटतो त्याच्याबद्दल तिला दोन ओळी जास्त लिहिता येतात. लेकीचा एसे शेवटी मराठी शाळेवरचाच गेला, तिच्या इंग्लिश टीचरने फक्त कुठे कंटाळा येतो तेवढं सांगितलं.

झेलचे ३,००० अजून अडकलेत. बँकेने हात झटकले, आता आम्ही स्मॉल क्लेम्सला (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) जातोय, न्यू जर्सीत २०२२ पासून तिथे ५,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो आणि वकील लागत नाही. ती मैत्रीणही तिचा वेगळा दावा लावतेय. तुमच्याकडे अशा कुठल्याही कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर आज काढून बघा, तारीख कोणाच्या अक्षरात आहे, रद्द करायचा फॉर्म जोडलाय का, आणि त्यांचे टेक्स्ट मेसेज डिलीट करू नका, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.