छोट्या खासगी विद्यापीठातील अर्थशास्त्र : दुसऱ्या वर्षाअखेरचा अनुभव

प्रगत अर्थमितीचा (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्राचा) ऐच्छिक पेपर पुरेशा विद्यार्थ्यांअभावी रद्द झाल्याची सूचना सत्र सुरू झाल्यावर लागली, म्हणून हे लिहीत आहे. मायक्रो, मॅक्रो, संख्याशास्त्र हा पाया सगळीकडे सारखाच असतो. खरा फरक ऐच्छिक विषयांत पडतो. माहितीपत्रकात गेम थिअरीपासून श्रम अर्थशास्त्रापर्यंत भरगच्च यादी असते, परंतु मोजक्या अध्यापकांपैकी एक जण दीर्घ रजेवर गेला, की त्यातले बरेच विषय कागदावरच राहतात. विक्रेत्याला मालाची खरी अवस्था ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते तेव्हा बाजार कसा बिघडतो, हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. तो सिद्धान्त शिकवणाऱ्या विभागानेच कोणता पेपर शेवटी कधी चालला हे छापू नये, याचा राग येतो.

एका पेपरासाठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. शिक्षणाची वर्षे आणि वेतन यांचे रिग्रेशन करताना, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध आकड्यांतून काढताना, अंगभूत क्षमता मोजता आली नाही, तर शिक्षणाचा परिणाम फुगून दिसू शकतो, हे अर्थमितीच्या पहिल्या पेपरात कळते. त्यावरचे साधनचल (वेतनावर फक्त शिक्षणाच्या वाटेने परिणाम करणारा तिसरा घटक वापरणे), पॅनेल डेटा (त्याच माणसांची अनेक वर्षांची माहिती) हे उपाय दुसऱ्यात, म्हणजे रद्द झालेल्या पेपरात, येतात. म्हणजे रोगाचे निदान झाले आणि औषधाच्या वेळी दवाखाना बंद.

येथवरचे मत सत्राच्या सुरुवातीचे आहे. पुढे एका प्राध्यापकांनी तोच भाग स्वतंत्र अभ्यास म्हणून घेतला आणि छोट्या विभागाची दुसरी बाजू दिसली. आकडे चालवण्याआधी त्यांनी नुसता ठिपक्यांचा आलेख काढायला लावला. एका कोपऱ्यात काही ठिपके सगळ्यांपासून तुटून पडलेले होते. मूळ सर्वेक्षणात ‘माहिती नाही’ यासाठी 99 हा संकेतांक होता आणि आमच्या संगणकाने त्या माणसांना निमूटपणे 99 वर्षे शिकवले होते. मोठ्या वर्गात माझ्या आलेखाकडे इतका वेळ कोणी पाहिले असते, असे वाटत नाही.

प्रयोगशाळेतील स्टाटा हे आकडेवारीचे सशुल्क सॉफ्टवेअर संध्याकाळी कुलूपबंद होते, म्हणून मी त्याच कामाचे विनामूल्य ‘आर’ शिकलो; खर्च शून्य, त्यामुळे तक्रारही नाही. पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असल्यास रेषीय बीजगणित आणि वास्तव विश्लेषण (रिअल अ‍ॅनालिसिस, म्हणजे वास्तव संख्यांचे काटेकोर गणित) गणित विभागातून घ्यावे, मात्र वेळापत्रके आपसांत जुळतात का हे प्रवेशापूर्वीच विचारावे.

रद्द पेपराचे शुल्क परत मिळावे, हा माझा अर्ज लेखा विभागात पडून आहे. स्वतंत्र अभ्यासाचे श्रेयांक मिळाल्याने देणे उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही.