कार्बन सिरॅमिक ब्रेक लावून ११ महिने झाले: एक अख्खा पावसाळा आणि एक ट्रॅक डे बघून लिहितोय

गाडी बीएमडब्ल्यू एम४, २०१६ची, सेकंडहँड घेतलेली, ४३१ एचपी, सात गिअरची ड्युअल क्लच. राहतो मुंबईत प्रभादेवीला, बिल्डिंगची पार्किंग उघडी आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. पार्किंगचं मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे जे लिहिणारे त्यातलं अर्धं त्या पार्किंगमुळेच आहे. ब्रेक गेल्या मे महिन्यात बसवले, आज मीटरवर त्यांचे ९,४०० किमी झालेत. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, म्हणून थांबलो.

सुरुवात झाली चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेसिंग ट्रॅकवर, त्याच्या आधीच्या फेब्रुवारीत. ३.७ किमीचा ट्रॅक, गाडी ट्रकवर चढवून नेली होती. तिसऱ्या सेशनला पाचव्या की सहाव्या लॅपला पेडल एकदम मऊ पडलं, दोनदा पंप केल्यावर दाब आला आणि मी गाडी हळूहळू पिटमध्ये आणली. त्या दिवशी मनात पक्कं बसलं की ओरिजिनल लोखंडी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या, या गाडीला कमी पडतायत, सिरॅमिकच पाहिजेत.

आता कळतंय की ते निदान चुकीचं होतं, आणि हे नीट सांगणं मला गरजेचं वाटतं कारण याच कारणासाठी बरेच जण हा खर्च करायला निघतात. पॅड, म्हणजे डिस्कवर घासून गाडी थांबवणारा तुकडा, अति तापून पकड सोडतो तेव्हा पेडल कडकच राहतं, पाय जोर लावतो पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली जातं तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं, त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा, ते ऑइल नवं असताना कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि ३.७ टक्के पाणी शिरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. मुंबईच्या हवेत दोन वर्षं काढलेलं ऑइल घेऊन मी ट्रॅकवर गेलो होतो. डिस्कचा काही दोष नव्हता. चांगलं ताजं ऑइल आणि जास्त तापमानाचे पॅड एवढ्यावर ते काम भागलं असतं.

तरीही ब्रेक घेतल्याचा पश्चात्ताप नाही, कारण जे फायदे मिळाले ते मी ज्यासाठी घेतले त्यातले नव्हतेच.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. कार्बन फायबरचे बारीक तुकडे रेझिनमध्ये मिसळून डिस्कच्या आकारात दाबतात, हवा लागू न देता भट्टीत भाजतात म्हणजे रेझिनचाही कार्बन होतो, आणि मग त्या सच्छिद्र तुकड्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. सिलिकॉन वितळतंच १४१४ अंशांना, म्हणजे भट्टी कुठे न्यावी लागत असेल बघा. त्यातून सिलिकॉन कार्बाइड तयार होतं, जवळपास हिऱ्याच्या पंक्तीतलं कडक. एकेक डिस्क बनायला खूप वेळ लागतो आणि किंमत त्याचीच. पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२वर असे ब्रेक दिले तेव्हापासून हे रस्त्यावरच्या गाड्यांत रुळले. मला आजवर निदान दहा जणांनी सांगितलं की हे ब्रेक तापल्याशिवाय लागतच नाहीत. ती गोष्ट फॉर्म्युला वनच्या कार्बन-कार्बन डिस्कची, त्यांना खरंच आधी तापवावं लागतं. आपल्या सिरॅमिक डिस्क पार्किंगमधून बाहेर पडताना पहिल्याच दाबाला व्यवस्थित लागतात.

खर्च दोन आकडी लाखांत गेला, कस्टम ड्युटी धरून. पुढे ४०० मिमीच्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), मागे ३८० मिमी आणि चार पिस्टन, सोनेरी रंगाचे. आधीच्या लोखंडी ३८० आणि ३७० होत्या. पॅड वेगळेच लागतात, लोखंडावरचे पॅड सिरॅमिकवर चालत नाहीत. चाकं १९ इंची होतीच म्हणून ती बदलावी लागली नाहीत, १८ इंचीत हे कॅलिपर मावणारच नाहीत. आमच्या परळच्या मेकॅनिकने दोन दिवस घेतले, नव्या ब्रेक लाइन टाकल्या, ऑइल पूर्ण बदललं, कोडिंग केलं म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नवे ब्रेक कळवले. बेडिंगला, म्हणजे नवे पॅड आणि डिस्क तापवून एकमेकांवर बसवायला, मुंबईत रस्ताच नाही म्हणून रविवारी पहाटे पनवेलच्या पुढे एका औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर गेलो, मागे मित्र त्याची गाडी घेऊन लक्ष ठेवायला. ८० वरून २० पर्यंत दहा-बारा वेळा, पूर्ण न थांबता, आणि मग अर्धा तास ब्रेकला हात न लावता गार होऊ दिले. तापलेला पॅड डिस्कवर दाबून उभं राहिलं की त्याचा ठसा तिथे बसतो आणि नंतर गाडी थरथरते, म्हणून न थांबण्याचा नियम अजिबात मोडू नका.

आता पावसाळा. माझ्यासाठी या ब्रेकची खरी किंमत इथे वसूल झाली. प्रभादेवीच्या खाऱ्या हवेत जूनपासून लोखंडी डिस्कची काय अवस्था होते ते समुद्राजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको, रात्री गाडी ओली उभी केली की सकाळी डिस्क तांबूस, पहिला ब्रेक दाबला की खर्रर्र आवाज, आणि पॅडमध्ये तो गंज भरून डिस्कवर चरे. गणपतीत आम्ही दहा दिवस गावी जातो, एम४ इथेच उभी असते, आणि दर वर्षी परत आल्यावर पॅड डिस्कला चिकटलेले असायचे, गाडी हलवताना ठण्णकन आवाज येऊन सुटायचे आणि पुढचे आठवडाभर ५०-६०ला ब्रेक दाबला की स्टिअरिंगमध्ये धडधड. गेल्या चार वर्षांत मी त्यामुळे दोनदा पुढच्या डिस्क बदलल्या होत्या, झिजून नाही, गंजून. या वेळी गावाहून आलो, गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि ती नुसती सरकली. आवाज नाही, धक्का नाही, डिस्क आदल्या रात्री पुसून ठेवल्यासारख्या. मी खाली उतरून चारही चाकं बघून आलो. गंजायला त्या डिस्कमध्ये लोखंडच नाही, एवढं साधं कारण आहे, पण डोळ्याने बघितलं तेव्हा फार बरं वाटलं.

पावसातच याची एक बाजू मात्र कळली जी विकणारा सांगत नाही. जुलैत संध्याकाळी सी लिंकवरून वांद्र्याकडे येत होतो, धो धो पाऊस, ८०च्या आत, आणि सबंध पुलावर ब्रेकला पाय लावायची वेळच आली नव्हती. टोलनाक्याच्या आधी समोरचे लाल दिवे दिसले, मी नेहमीच्या अंदाजाने पाय ठेवला आणि एक क्षण काहीच झालं नाही. अर्धा सेकंदही नसेल, पण पोटात गोळा आला. मग एकदम पकड आली. डिस्कवर पाण्याचा थर होता, पॅडने तो पुसला आणि मग ब्रेक लागला. लोखंडी डिस्कवरही हे होतं, पण इथे जास्त जाणवतं. तेव्हापासून सवयच लावून घेतली, जोरदार पावसात दर दोन-तीन मिनिटांनी पाय हलकेच पेडलवर टेकवायचा, गाडी हळू करण्याएवढा नाही, फक्त डिस्क पुसण्यापुरता. घरात माझ्याशिवाय बायको ही गाडी चालवते, तिला पहिल्याच पावसात शेजारी बसवून हे दाखवलं. तुम्ही घेणार असाल तर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवा.

घाटाचं विचारतातच सगळे. एक हिशेब सांगतो. माणसांसकट १,६५० किलोची गाडी १०० वरून थांबवली की ब्रेकमध्ये साधारण ६.४ लाख ज्यूल उष्णता जाते. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत जवळपास ५०० मीटर उतार धरला तर तेवढ्याच गाडीची ८० लाख ज्यूल उर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे १०० वरून बारा-तेरा वेळा थांबल्याएवढी. सगळी ब्रेकवर जिरवली तर कुठलाही ब्रेक तापणार, पण तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवली की इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं. मी दोन्ही सेटवर हा घाट गिअरमध्ये पकडून उतरलोय आणि खरं सांगायचं तर खाली पोचल्यावर पेडलमध्ये काही फरक नव्हता. घाट व्यवस्थित उतरणाऱ्याला सिरॅमिकची गरज नाही, आणि न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याला कुठलाच ब्रेक पुरणार नाही. न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे अजूनही दिसतात आणि माझा जीव वरखाली होतो.

थांबायचं अंतर? टायर तेच ठेवून जीपीएसने १०० ते शून्य आधी चार वेळा आणि नंतर चार वेळा मोजलं, फरक मोजणीच्या चुकीत जाईल एवढाच. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागला म्हणजे ब्रेककडे ताकद शिल्लक आहे आणि टायरची पकड संपली आहे. अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरवर घाला.

जाणवलं ते वजन. जुनी पुढची डिस्क आणि नवी डिस्क दोन हातात धरली की आकाराने मोठी असूनही नवी उचलताना हात आपोआप वर जातो, कारण हे मटेरियल ओतीव लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश घनतेचं आहे. आणि हे वजन सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या खालचं, चाकाबरोबर फिरणारं आणि आदळणारं. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर काँक्रीटच्या सांध्यांवर जे ठक ठक स्टिअरिंगपर्यंत यायचं ते बोथट झालंय, सायन-माटुंग्याच्या पॅचवर्कवर चाक खड्ड्यातून लवकर सावरतं. फार मोठा फरक नाही, पण रोज आहे. चाकांवर काळी भुकटीही जवळपास बसत नाही.

थंड असताना, विशेषतः सकाळी पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना, चीं असा आवाज येतो. दोन ब्रेकनंतर जातो. मला त्याचं काही वाटत नाही.

मनाला लागलेली एकच गोष्ट झाली ती नोव्हेंबरमध्ये. व्हील बॅलन्सिंगसाठी एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही, काम करणाऱ्या मुलाला आधी सांगितलं होतं की चाक सरळ बाहेर काढ. या गाडीला स्टड (चाक अडकवायला बाहेर आलेले पक्के दांडे) नाहीत, बोल्ट आहेत, म्हणजे शेवटचा बोल्ट सुटला की चाकाला आधारच राहत नाही. तेच झालं, चाक तिरकं होऊन खाली आलं आणि रिमची आतली कड डिस्कच्या काठावर आपटली. टक्क. लोखंडी डिस्क असती तर ओरखडाही बघितला नसता कोणी. इथे तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. सिरॅमिक तापमान कितीही सोसेल, पण काठावरचा ठोका सोसत नाही. त्या मुलाचा चेहरा उतरला होता, त्याला या डिस्क कोणी कधी दाखवल्याच नव्हत्या, त्याला काय बोलणार. दुकानाच्या मालकाने मात्र हात झटकले ते मला अजून खुपतं. मेकॅनिकने टवका मोजला, कंपनीच्या मर्यादेत बसतोय, डिस्क चालू शकते. तेव्हापासून गाडीत दोन लांब गाइड पिन ठेवल्यात. दोन बोल्ट काढून त्या जागी पिन फिरवायच्या, मग बाकीचे बोल्ट काढायचे, चाक पिनांवरून सरळ सरकत बाहेर येतं. शेपाचशेची वस्तू आहे, ब्रेक बसवायच्या दिवशीच घ्या. पंक्चर झालं तरी चाक काढू देण्याआधी पिन लावायच्या, पंक्चरवाला कितीही म्हणाला की साहेब दोन मिनिटांचं काम आहे. आणि गाडी धुणाऱ्याला रिमवर ॲसिडवालं क्लीनर मारू देऊ नका, साधं पाणी पुरतं.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा चेन्नईला गेलो. पेडल दिवसभर पहिल्या लॅपसारखं, एकदाही मऊ नाही. ताजं ऑइल होतं, त्यामुळे सगळं श्रेय डिस्कला देत नाही. परत आल्यावर चारही डिस्क उतरवून वजन केलं, कारण सिरॅमिकची झीज नुसती जाडीवरून कळत नाही, डिस्कवर कमीत कमी वजन कोरलेलं असतं ते बघावं लागतं. ट्रॅकवर सतत तापलं की आतला कार्बन हळूहळू जळतो आणि वजन घटतं. मुंबईच्या नऊ महिन्यांत जेवढी घट झाली नव्हती तेवढी त्या एका दिवसात झाली होती, पुढच्या दोन्ही डिस्कची. रस्त्यावर या डिस्क वर्षानुवर्षं टिकतील. ट्रॅकवर मात्र प्रत्येक दिवसाला त्यांच्या आयुष्याचा एक तुकडा जातो, आणि बदलायच्या झाल्या तर परत दोन आकडी लाख. लोखंडी जोडी लाख-दीड लाखात येते.

म्हणून जुना सेट विकायला काढला होता तो मागे घेतला. डिस्कला तेल लावून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, कॅलिपरसकट. पुढच्या फेब्रुवारीत चेन्नईला तो लावून जाणार, परत आल्यावर सिरॅमिक चढवणार, दरवेळी दोन दिवसांचं काम आणि ऑइल बदलणं आलंच. मेकॅनिकला आधी वाटलं मी उलटं बोललो. सध्या मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख घेतलीये, पाऊस यायच्या आधी ऑइल बदलून घ्यायचं आणि त्या टवक्याची रुंदी पुन्हा मोजायची.